मेळ्याचा खर्च

यंदा कापूस उशिरा फुटला. दिवाळी होऊन गेली तरी पिंगळीच्या रस्त्याकडची पऱ्हाटी हिरवीच उभी होती, आणि मग मार्गशीर्षातल्या चार कोरड्या दिवसांत सगळं शिवार एकदम पांढरं झालं. मी सकाळी फिरायला जाते. फिरायला म्हणजे काय, गुडघे धरले आहेत, डॉक्टरांनी चाला म्हणून सांगितलं आहे, म्हणून काठी टेकत पुलापर्यंत जाऊन येते. परवा तिथं वेचणीला बाया लागलेल्या दिसल्या. कमरेला ओट्या, डोक्याला फडकी, आणि दोन्ही हात आपापलं काम करणारे, डोळ्यांना न विचारता. मी कठड्याला टेकून उभी राहिले. त्यातल्या एकीनं विचारलं, "आजी, काय पाहायलात?" मी म्हटलं, "तुमचे हात पाहायले." ती हसली. म्हातारीला करमत नसेल, असं तिला वाटलं असावं.

आता आमच्या जिल्ह्यात सोयाबीनच जास्त. कापूस पेरणारे पेरतात, पण तो गावरान कापूस राहिला नाही. त्याची बोंडं लहान असत, वेचायला बोटं दुखत, पण धागा चिवट. कापसाला वास नसतो असं शहरातली माणसं म्हणतात. पहाटेच्या दवानं ओलसर झालेला कापूस ओंजळीत घेऊन पाहावा. लहान मुलाच्या टाळूसारखा वास येतो. ऊन चढलं की तो वास जातो, वाळलेला पाला चुरून कापसाला चिकटायला लागतो आणि घशात धूळ बसते. म्हणून वेचणारी बाई उजाडायला शेतात हजर असते. मी हे ऐकून सांगत नाही. एक अख्खी वेचणी मी या हातांनी केली आहे. पुढेही पुष्कळ वेळा केली, पण ती पहिली.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. निजामाचं राज्य जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि आम्ही मुंबई राज्यात आल्याला वर्ष उलटलं होतं. बाजारातून निजामाचा हाली रुपया जाऊन कलदार आला होता, तरी म्हाताऱ्या भाव हालीतच सांगायच्या आणि दुकानदार मनातल्या मनात हिशेब फिरवायचा. शाळेत मी चौथीपर्यंत उर्दूत शिकले. मग मध्ये काही महिने शाळाच बंद होती. पुन्हा भरली तेव्हा गुरुजींनी फळा पुसला आणि त्यावर मराठीत तारीख लिहिली. उजवीकडून डावीकडे जाणारा हात डावीकडून उजवीकडे जायला लागला. काही दिवस आम्हा पोरांची बोटं गोंधळली, मग सवय झाली. राज्य बदलतं, नाणं बदलतं, लिहायची दिशा बदलते आणि माणसं त्यात राहायला शिकतात, तर माझ्या एकटीच्या बदलण्यानं आमच्या वालूर गावाचं काय बिघडणार आहे, असं मला तेव्हा खरोखर वाटायचं.

कारण वालूरला माझं नाव मुंजाजी होतं. बारा एकरवाल्या शेतकऱ्याच्या घरात मी धाकटा मुलगा म्हणून जन्मले. थोरला भाऊ आणि मी यांच्यामधली दोन मुलं जगली नव्हती, म्हणून मुंजाला नवस बोलून ते नाव ठेवलेलं. आपण मुलगी आहोत हे तुला कधी कळलं, असं मला पुष्कळांनी विचारलं आहे. आपल्याला तहान लागते हे माणसाला कधी कळतं? ती आधीपासून असतेच. विहीर कुठे आहे ते तेवढं नंतर कळतं.

मला ती विहीर परभणीत सापडली. मेहताबअम्मा तिथं दोन चेल्यांबरोबर राहायची. गावोगाव बाळाच्या जन्माला जाऊन नाचायची, आशीर्वाद द्यायची. वालूरला एका घरी पाळणा हलला तेव्हा ती आली होती. पुरुषांच्या घोळक्यात उभ्या असलेल्या मला तिनं एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि निघताना आपल्या दक्खनीत हळूच म्हणाली की परभणीला आलीस तर घर कुणालाही विचार. "आलीस" म्हणाली. मी पुढच्याच आठवड्यात सरकी आणायचं निमित्त काढून गेले. नंतर निमित्तं काढत राहिले.

त्या वर्षी संक्रांतीनंतर हैदराबादला मेळा भरणार होता. आमच्यासारख्यांचा मेळा, लुगडी नेसणाऱ्यांचा, सगळ्या मुलखातल्या गुरू-चेल्यांच्या घरांचा. पंच बसणार, जुने तंटे मिटणार, गेलेल्यांच्या नावानं पंगती उठणार आणि नव्या आलेल्यांची नावं सगळ्यांसमोर पुकारली जाणार. एकदा तिथं नाव पुकारलं की ते नाव तुमचं. मग गावानं काहीही म्हणावं.

जायचं तर खर्च होता. सगळ्या घरांच्या वडीलधाऱ्या नायकेला मानाचं इरकली लुगडं, पंगतीच्या शिध्यात आपला वाटा, जाण्यायेण्याचं तिकीट, स्वतःला दोन जोड कपडे. मेहताबअम्मा म्हणाली, सगळ्यांचा खर्च त्यांचा गुरूच करतो, तुझा मी करीन. रीतच तशी होती. मग नवी आलेली पाच वर्षं आपली कमाई गुरूला देई. मेहताबअम्मा वाईट नव्हती. तिच्याही गुरूनं तिचा खर्च असाच केला होता. पण मी म्हटलं, अम्मा, मी माझ्या खर्चानं येईन. ती बराच वेळ सुपारी कातरत राहिली. मग म्हणाली, "आव. देखते."

घरच्या कापसाला हात लावता येत नव्हता. वडील वारल्यापासून कारभार सोपानदादाकडे होता आणि तो माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा. म्हणून मी दुसऱ्यांच्या शेतात वेचणीला जायचं ठरवलं. वेचलेल्या ढिगातला ठरलेला वाटा वेचणाऱ्याला मिळायचा. तो सेलूच्या बाजारात विकला की रोकडा. पण वेचणी म्हणजे बायांचं काम. गडी माणसं गाठोडी उचलायला, गाडी भरायला. वेचणीच्या पातीला, कापसाच्या ओळीत, धोतर नेसलेलं माणूस मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

वेचणाऱ्या बायांची टोळी पुंजाबाई चालवायची. विधवा बाई, उंच, बोलणं तुटक. कुणाच्या शेतात कधी जायचं आणि कुणी कुठली पात धरायची हे तीच ठरवायची. मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि मला वेचणीला घे म्हणाले. मागं बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. पुंजाबाई हसली नाही. तिनं माझी बोटं हातात घेऊन उलटीपालटी करून पाहिली. मग बायांकडे वळून म्हणाली, "बोंडाला काय कळतंय कुणाचा हात हाय ते. धर ती कडंची पात."

पहिले तीन दिवस माझी बोटं रक्ताळली. वाळलेल्या बोंडाच्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी असतात. दोन्ही हातांनी एकाच वेळी दोन बोंडं रिकामी करायची, मूठ भरली की ओटीत टाकायची, पाऊल पुढे. मी कमरेला पोतं बांधलं होतं, ते मांड्यांत अडकायचं. सगळ्या बाया पात संपवून बांधावर पोचायच्या तेव्हा मी निम्म्यात असायचे. चौथ्या दिवशी पुंजाबाईनं आपल्या जुन्या लुगड्याचा अर्धा भाग माझ्या अंगावर टाकला आणि ओटी कशी बांधायची ते दाखवलं. धोतरावरून ते हिरवं फडकं मी कमरेला गुंडाळलं, टोकं मागं बांधली. भर दिवसा, चारचौघींसमोर, उघड्या शिवारात मी पहिल्यांदा बाईचं वस्त्र अंगाला लावलं, आणि ते कामासाठी लावलं, याचं मला आजही बरं वाटतं.

त्या दिवशी माझा हात सुटला. दुपारपर्यंत ओटी भरून पोटाशी टेकली, मऊ, उबदार आणि जड. शेजारच्या पातीवरची एक तरणी बाई वाकून बघत म्हणाली, "कितवा म्हयना?" सगळी टोळी हसली. मीही हसले, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं ते कुणाला दिसू नये म्हणून खाली वाकून वेचत राहिले. भाकरी खाताना त्याच बाईनं विचारलं, तुला काय म्हणून हाक मारायची. मी मैना म्हणून सांगितलं. अंबाडीची भाजी पुढं सरकवत ती म्हणाली, "खा मग, मैना." पंधरा दिवसांत मी टोळीत सगळ्यात पुढं असायचे. उगीच मोठेपणा सांगत नाही. पुंजाबाई रोज माझा ढीग आधी पाहायची.

गावात बातमी आठ दिवसांतच पोचली होती. सोपानदादानं मला ओसरीवर बसवून घेतलं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याची मोठी मुलगी लग्नाची होत आली होती. काका असा आहे म्हटल्यावर तिला कोण करून घेणार, हे त्यानं मला खाली मान घालून सांगितलं. त्याच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "तुला जायाचं तर जाय. पर वावरावरचं नाव काढून जाय. मंग तू कोण अन् आमी कोण."

माय चुलीपुढं बसली होती. तिनं फुंकणी खाली ठेवली आणि पुन्हा उचलली.

सहा एकर माझ्या वाट्याची होती. काळी, ओल धरणारी. आमच्या शिवारात तसली जमीन थोडी. मी विचार करायला दोन दिवस घेतले. खोटं कशाला सांगू, त्या दोन दिवसांत एकदा असंही मनात आलं की मुंजाजी म्हणून राहावं, सहा एकर पिकवावी आणि वर्षातून एकदा परभणीला जाऊन यावं. कितीतरी जण तसं करतात. तिसऱ्या दिवशी मी दादाबरोबर पटवाऱ्याकडे गेले. पटवाऱ्यानं कागद वाचून दाखवला आणि अंगठ्यासाठी शाईची डबी पुढं केली. मी म्हटलं, सही करते. "करते" म्हणाले. तो चमकला, दादा भिंतीकडे पाहायला लागला. मुंजाजी हे नाव मी त्या कागदावर शेवटचं लिहिलं. अक्षर चांगलं काढलं. त्या नावानं माझं काही वाकडं केलं नव्हतं.

त्याच दिवशी मी कपड्यांचं गाठोडं घेऊन पुंजाबाईच्या ओसरीवर राहायला गेले.

सहा एकर काळी जमीन देऊन काय मिळवलंस, असं मला पुढे अनेकांनी विचारलं. एक गोष्ट इथंच सांगून टाकते. परभणीला राहायला गेल्यावर मी नाचगाणं फारसं केलं नाही. मला ते साधलंच नाही. मी कागद वाचायचे. निजामाच्या वेळचे सगळे कागद उर्दूत, जमिनीचे, वाटण्यांचे, गहाणखतांचे, आणि नवे साहेब, नवे कारकून मराठीचे. उर्दू येणारे म्हातारे एकेक करून गेले. मला दोन्ही यायचं. कचेरीजवळच्या लिंबाखाली मी बसायचे आणि लोक आपल्या आजा-पणजाचे कागद घेऊन माझ्यापुढे उकिडवे बसायचे. आधी बिचकत यायचे, नंतर रांग लागायची. चाळीस वर्षं मी तेच केलं.

एक दिवस त्या रांगेत सोपानदादा होता. बांधावरून शेजाऱ्याशी तंटा लागला होता आणि जुना कागद कुणाला वाचता येत नव्हता. तो माझ्यापुढे बसला. केस पांढरे झालेले. मी त्याला पाणी दिलं आणि आमच्या आजोबांच्या नावाचा तो कागद ओळीओळीनं वाचला. बांध कुठून कुठे जातो ते त्यात नीट लिहिलेलं होतं. मी त्याची मराठीत नक्कल काढून दिली. ज्या जमिनीत माझं काही नव्हतं तिचा बांध माझ्या वाचण्यानं राहिला. दादा उठताना म्हणाला, "तुह्यामुळं वाचलो, मैना." मी त्याच्याकडून काही घेतलं नाही. पण त्याच्यामागं उभ्या असलेल्या माणसाकडून नेहमीचे पैसे घेतले. धंदा तो धंदा.

पण मी त्या वेचणीचं सांगत होते.

सही केल्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही एका सावकाराच्या शेतात लागलो होतो. धुकं होतं. पाती धरून थोडाच वेळ झाला असेल, बांधावरून कुणीतरी येताना दिसलं. जवळ आल्यावर पाहिलं तर माय. डोक्यावर पदर, हातात भाकरीचं फडकं, कमरेला ओटी बांधलेली. माझ्या आईनं उभ्या आयुष्यात दुसऱ्याच्या शेतात मजुरी केली नव्हती. बारा एकरांची मालकीण होती ती, तिच्या शेतात दुसऱ्या बाया यायच्या. टोळीचे हात थांबले. माय पुंजाबाईपाशी गेली आणि म्हणाली, "मला बी एक पात दे."

 पुंजाबाईनं माझ्या शेजारची पात दाखवली. माय वाकली आणि वेचायला लागली. माझ्याशी बोलली नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. फक्त तिची ओटी भरली की ती बांधावर जायची आणि तिच्या वाट्याचा वेगळा ढीग न करता माझ्या ढिगावर ओतायची. दुपारी आम्ही एकाच फडक्यावर भाकरी खाल्ली. लसणाची चटणी होती. तिच्या बोटांवर रक्ताचे बारीक ठिपके उठले होते. मी तिची बोटं पाहतेय हे तिच्या लक्षात आलं तशी तिनं हात पदराखाली घेतले.

संध्याकाळच्या आत दादा शेतावर आला. लोक त्याच्या तोंडावर बोलले असणार. जिच्या घरचं शिवार पांढरं पडलंय ती बाई दुसऱ्याच्या रानात मजूर म्हणून वाकली आहे, याहून मोठी बेइज्जती त्याला सुचत नव्हती. तो तिला घरी चल म्हणाला, पुन्हा पुन्हा म्हणाला. माय ओटीतला कापूस ओतत होती. ते पुरं करून ती म्हणाली, "त्याचं नाव तू वावरावरून काढलंस. म्या काही म्हन्ले का? आता हे हात महे हायेत. तू काही म्हनू नको." दादा आला तसा बांधावरून निघून गेला. दुसऱ्या दिवशीही माय आली. संक्रांतीपर्यंत, सव्वीस दिवस, ती रोज आली. रोज सकाळी धुक्यातून ती येताना दिसायची. एकदाही ती मला म्हणाली नाही की जा. एकदाही म्हणाली नाही की जाऊ नको.

सेलूच्या बाजारात कापूस विकून मी इरकली लुगडं घेतलं. काठ गर्द लाल, अंग हिरवट काळं. बाकीचं कमरेला बांधलं आणि सकाळच्या गाडीत बसले. अंगावर धोतर-सदरा होता. मेहताबअम्मानं तसंच सांगितलं होतं. जुन्या राज्यात लुगडं नेसून रस्त्यावर दिसलं तर शिपाई धरून न्यायचे, नाव रजिस्टरात लिहायचे. राज्य गेलं तरी शिपायांची सवय गेली नव्हती. परभणीला ती आणि तिच्या दोघी चेल्या गाडीत चढल्या, त्याही पुरुषी कपड्यांत, डोक्यांना मफलर गुंडाळून. हैदराबादला पोचल्यावर बदलायचं.

पिंगळीला गाडी थांबून राहिली. समोरून दुसरी गाडी यायची होती. खिडकीतून पाहिलं तर रुळांपलीकडच्या शेतात बाया वेचत होत्या. ऊन चांगलं वर आलं होतं. त्यांच्याकडे पाहता पाहता मला एकदम वाटलं, मी हे तिकीट काढून बसले आहे, माझ्या बोटांना अजून खपल्या आहेत, मग मी कुणाची चोर आहे? मी माझं गाठोडं घेतलं, डब्याच्या कोपऱ्यात गेले आणि माझ्यासाठी घेतलेलं साधं निळं लुगडं नेसून बाहेर आले. मेहताबअम्मानं डोळे मोठे केले.

गाडी हलल्यावर तिकीट तपासनीस आला. आमच्याकडे पाहूनच त्यानं चेहरा कडक केला. आमच्यासारखे फुकट बसतात, हे त्याला ठाऊक होतं आणि पुष्कळ वेळा ते खरंही असे. त्याला बोलायची वेळ न देता मी तिकीट पुढं धरलं. त्यानं ते उलटून पाहिलं, परत सुलटं केलं, माझ्याकडे पाहिलं. मग चिमट्यानं भोक पाडलं आणि म्हणाला, "घ्या बाई." आणि पुढच्या बाकाकडे गेला. बाई. एका अनोळखी सरकारी माणसानं दिलेला तो शब्द मी हैदराबादपर्यंत मनात धरून बसले होते. नांदेडच्या अलीकडे पाहिलं तर मेहताबअम्मानं मफलर काढला होता. डोक्यावरून पदर घेऊन ती खिडकीत बसली होती आणि वारा खात होती.

मेळा एका मोठ्या जुन्या घराच्या अंगणात होता. कापडी मांडव, जाजमं, अत्तराचा, पानाचा आणि शिजणाऱ्या तांदळाचा वास. कुणी कन्नड बोलत होतं, कुणी तेलुगू, कुणी आमच्यासारखं, आणि सगळ्यांच्या मध्ये दक्खनी. कालपरवापर्यंत एका राज्यातली ही माणसं आता तीन राज्यांतून आली होती आणि सरकारनं आपल्या घरातून रेघा ओढल्या म्हणून म्हाताऱ्या कुरकुरत होत्या. दुपारी उन्हात बसून सगळ्या एकमेकींच्या केसांना तेल लावत होत्या. तिथं मला कळलं की प्रत्येकजण काहीतरी देऊन आली आहे. गुलबर्ग्याकडची एक शाळामास्तर होती. रजेचा अर्ज न देता आली होती आणि परत गेल्यावर नोकरी नसणार हे तिला माहीत होतं. एका म्हातारीच्या घरच्यांनी ती पहिल्यांदा मेळ्याला गेली तेव्हाच तिचं तेरावं घातलं होतं. ते सांगताना ती हसत होती, म्हणत होती की जेवण चांगलं केलं होतं म्हणे. आम्हीही हसलो. माझ्या सहा एकरांचं मी सांगितलं तेव्हा कुणी हळहळलं नाही. शाळामास्तरणीनं माझी वेणी घट्ट ओढली आणि एवढंच म्हणाली की जमीन चांगली असणार.

दुसऱ्या दिवशी नवीन आलेल्यांची नावं पुकारली गेली. मधोमध नायक बसली होती. पांढरी साडी, जाड भिंगांचा चष्मा, हात थरथरणारे. प्रत्येकीला ती तेच तीन प्रश्न विचारायची. नाव काय, गाव कुठलं, आणि "किसके खर्चे से आए?" प्रत्येकजण आपल्या गुरूचं नाव सांगायची, गुरू मागून मान हलवायची आणि पुढची पुढं यायची. माझी पाळी आली. मी माझं नाव सांगितलं, वालूर सांगितलं. तिसऱ्या प्रश्नाला मेहताबअम्माकडे पाहिलं. तिनं मान हलवली नाही, नुसती माझ्याकडे पाहत राहिली, बोल म्हणून.

मी म्हटलं, "अर्धा खर्च मह्या येचणीचा. अर्धा मह्या मायच्या येचणीचा."

नायकेला ऐकू आलं नाही असं वाटून मी पुन्हा सांगितलं. तिला ऐकू आलं होतं.  तिनं विचारलं, आई जिवंत आहे? हो म्हटलं. तिनं कापूस वेचला, तुझ्यासाठी? हो. सव्वीस दिवस. नायकेनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. मग तिनं माझं नाव पुकारलं. वालूरची मैना. अंगणातल्या सगळ्यांनी ते तिच्यामागून म्हटलं. इतक्या आवाजांत आपलं नाव ऐकण्याचं सुख काय असतं ते ज्यांना जन्मतःच नाव मिळालं त्यांना मी समजावून सांगू शकणार नाही.

रीतीप्रमाणे मी इरकली लुगडं तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं त्याच्या काठावरून हात फिरवला आणि ते माझ्या हातात परत दिलं. मानाचं लुगडं परत देत नाहीत. मी घाबरले. ती म्हणाली, ये तेरी माँ का मान है, उसे देना.

परतीच्या प्रवासात परभणीला न उतरता मी सेलूपर्यंत गेले. तिथून वालूरला बैलगाडी मिळाली. गाडीवान ओळखीचा होता. त्यानं माझ्या लुगड्याकडे पाहिलं, खाकरला आणि वाटेत यंदाच्या ज्वारीबद्दल बोलत राहिला. घरी जायचा प्रश्नच नव्हता. मला वाटलं, पुंजाबाईकडे थांबावं, तिच्या हाती निरोप धाडावा, मायला बोलवावं आणि लुगडं द्यावं.

पण शिवाराशी आलो तर शेवटची वेचणी चाललेली होती. पऱ्हाटी करडी पडलेली, वर कुठंकुठं उरलेला कापूस. या वेचणीत मिळत काहीच नाही, गरजू बायाच येतात. मी गाडीतून उतरले आणि शेतात शिरले. पुंजाबाईची टोळी होती. आणि कडेच्या पातीवर, सगळ्यांच्या मागं, माय वाकलेली होती.

तिनं मान वर केली. माझ्याकडे पाहिलं. निळ्या लुगड्याकडे, कपाळावरच्या कुंकवाकडे, आणि मग माझ्या तोंडाकडे.

"आलीस का," ती म्हणाली.

 "आलीस" हा शब्द तिनं मला पहिल्यांदा म्हटला होता आणि इतका सहज म्हटला की जणू एकोणीस वर्षं तेच म्हणत आली होती. तिनं तिथं जेवायला काय होतं ते विचारलं. मी सांगितलं. माणसं बरी होती का, विचारलं. बरी होती म्हटलं. मग मी ते लुगडं काढून तिच्या हातात दिलं आणि नायक काय म्हणाली ते सांगितलं. तिनं हात ओटीला पुसले, लुगड्याचा काठ बोटांत धरून पाहिला. तिची बोटं काळवंडली होती, चिरा पडल्या होत्या.

मी विचारलं, "माय, म्या तर जाऊन आले. आता कामून येचायलीस?"

तिनं घडी मोडू न देता लुगडं माझ्या हातात परत ठेवलं. "ठिव हे नीट," ती म्हणाली. "पुढल्या साली पुन्हा जायाचं असंल ना तुला. तिकिटाचं आतापसून जमवलेलं बरं." आणि ती वाकली.

पुढल्या वर्षी मेळा नव्हता. तो दरवर्षी भरतच नसे. मी तिला ते सांगितलं नाही. लुगडं बांधावर ठेवलं, पदर कमरेला खोचला आणि तिच्या शेजारची पात धरली.